डिकी उघडेना! – एका बिघाडातून शिकलेला विद्युत परिपथाचा पाठ



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या घटकावर नाही. तो माझ्या गाडीच्या डिकीवर आहे! पण शेवटपर्यंत वाचलात तर लक्षात येईल की हा लेख विद्युत परिपथावरच आहे, आणि थोडा आपल्या शिकवण्यावरसुद्धा.

मी नऊ वर्षं पाचवीला साधा विद्युत परिपथ शिकवते आहे. सेल, वायर, बल्ब, कळ. कळ दाबली की बल्ब लागतो, मुलं टाळ्या वाजवतात, पाठ संपतो. पण बल्ब लागला नाही तर काय करायचं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाच ते येत नव्हतं. हे मला माझ्या गाडीनं दाखवून दिलं.

त्या दिवशी काय झालं

आमची गाडी जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली, मागे वेगळी डिकी असलेली. डिकीला बाहेरून चावीचं भोक नाही. ड्रायव्हरच्या सीटशेजारी एक बटण आहे, ते दाबलं की डिकी उघडते. गेले दोन-तीन महिने ती मधूनच रुसायची. दोनदा-तीनदा बटण दाबलं की उघडायची, म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं.

एका शनिवारी आईंना (माझ्या सासूबाईंना) तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांना चार पावलंही चालवत नाही. चाकाची खुर्ची डिकीत ठेवलेली. दवाखान्याच्या दारात गाडी लावली, बटण दाबलं, काही नाही. दहा वेळा दाबलं. आतून नुसता बारीक "टिक्" असा आवाज यायचा. मागे गाड्यांची रांग, हॉर्न चालू, आणि आई मागच्या सीटवर अवघडून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, मी धरून धरून येते." ते वाक्य मला फार लागलं.

शेवटी तिथले वॉचमन काका आले. म्हणाले, "मॅडम, मी वरून दाबतो, तुम्ही तेव्हाच बटण मारा." त्यांनी दोन्ही हातांनी डिकीचं झाकण खाली दाबलं, मी बटण दाबलं आणि डिकी उघडली! तेव्हा वाटलं, नशीब. ते नशीब नव्हतं, त्यामागे कारण होतं. ते पुढे येईलच.

संध्याकाळी गॅरेजमध्ये दाखवलं. मेकॅनिक दादांनी वरवर बघून सांगितलं, "लॉक गेलंय. अख्खं बदलावं लागेल, चार हजार आठशे." मी विचार करून सांगते म्हणून घरी आले. पैसे तर होतेच, पण मनात एक प्रश्न आला. हासुद्धा एक परिपथच आहे ना? मग मी रोज जे फळ्यावर काढते, ते इथे का वापरून बघू नये?

डिकी बटणावर उघडते कशी?

आधी हे समजून घेऊ. डिकीच्या झाकणात एक लॉक असतं. झाकण बंद केलं की त्यातला आकडा गाडीच्या बॉडीवरच्या लोखंडी कडीला पकडतो. हा आकडा सोडवायचं काम काही गाड्यांत छोटी मोटर करते, काही गाड्यांत सोलेनॉइड करतो. आमच्या गाडीत सोलेनॉइड आहे.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याच्या आत सरकणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यातून विद्युतधारा गेली की ते चुंबक बनतं आणि दांडा आत ओढला जातो. दांडा सरकला की आकडा सुटतो. विजेमुळे चुंबकत्व निर्माण होतं हे १८२० साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवून दिलं. पुढे १८२५ साली इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी विद्युतचुंबक सादर केला. दोनशे वर्षांपूर्वीचं ते तत्त्व आज आपल्या डिकीत बसलेलं आहे!

विजेचा रस्ता साधारण असा असतो:

१. बॅटरी (१२ व्होल्ट)
२. फ्यूज
३. बटण आणि त्याच्यामार्फत चालणारा रिले (नव्या गाड्यांत मध्ये एक इलेक्ट्रॉनिक डबीही असते)
४. गाडीच्या बॉडीतून मागे जाणारी वायर
५. बिजागरीजवळच्या रबराच्या नळीतून झाकणात जाणारी वायर
६. सोलेनॉइड
७. परत येणारी अर्थची वायर, जी गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेली असते
८. बॉडीमार्फत परत बॅटरीचं ऋण टोक

वर्गात आपण सेलच्या दोन्ही टोकांपासून दोन वायरी काढतो. गाडीत परतीचा बराचसा रस्ता म्हणजे गाडीची लोखंडी बॉडीच असते. हा फरक मुलांना जरूर सांगावा. शेवटी "परिपथ पूर्ण हवा" हा नियम इथेही तोच आहे. यातला एकही टप्पा तुटला की डिकी उघडणार नाही. म्हणजे बिघाड "लॉकमध्येच" आहे हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

आधी सोप्या गोष्टी तपासा

कुठलंही उपकरण न उघडता ज्या गोष्टी कळतात त्या आधी बघाव्यात.

• काही गाड्यांत डिकी बटणावर उघडू नये म्हणून वेगळी कळ असते, बहुधा डॅशबोर्डच्या खणात. ती चुकून बंद झाली नाही ना?
• गाडी लॉक असताना किंवा चालू स्थितीत काही गाड्यांची डिकी मुद्दाम उघडत नाही.
• रिमोटने उघडत नाही पण बटणाने उघडते? मग रिमोटचा सेल संपला असेल.
• बॅटरी ठीक आहे का? बंद गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते.
• फ्यूज बघा. गाडीच्या माहितीपुस्तकात कोणता फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. जास्त अँपिअरचा फ्यूज, तार किंवा चांदी (फॉइल) कधीही घालू नका. वायर पेटू शकते.
• कान द्या! बटण दाबल्यावर कुठून कसा आवाज येतो? काहीच नाही, बारीक "टिक्", की जोरात "खट्ट"?

आमच्याकडे फ्यूज शाबूत, बॅटरी १२.३ व्होल्ट, आणि आवाज बारीक "टिक्". म्हणजे वीज कुठेतरी पोचत होती, पण काम पूर्ण होत नव्हतं.

इथे मी चुकले

रविवारी दुपारी, आमच्या मिस्टरांनी झाकण वरून दाबलं आणि मी बटण मारलं, अशी डिकी उघडली. झाकणाच्या आतलं आवरण प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेलं होतं, ते हलक्या हाताने काढलं. लॉक आणि त्याचा दोन वायरींचा कनेक्टर दिसला. बाजारातून अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला होता. कनेक्टर लॉकमधून ओढून काढला, मीटरच्या दोन पिना त्याच्या दोन टोकांना लावल्या आणि मुलीला पुढे बसवून बटण दाबायला सांगितलं. मीटर म्हणाला, १२.३ व्होल्ट!

मी खूश. वीज पूर्ण येते आहे, म्हणजे वायरिंग बरोबर. लॉकच खराब. मेकॅनिक दादा बरोबरच बोलले. मी त्यांना "नवीन लॉक मागवा" असा निरोप पाठवणारच होते, पण रविवारी दुकान बंद, म्हणून राहिलं.

माझा निष्कर्ष चुकीचा होता. मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक! असंही होऊ शकतं हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

"मॅडम, दिवा बारीक होतो"

सोमवारी शाळेत प्रयोगाचं साहित्य डिकीत होतं. दुपारी पाऊस, आभाळ अंधारून आलेलं, म्हणून मी पार्किंग लाईट लावले होते. गाडी शाळेच्या पटांगणात उभी करून मी पुढे बसून बटण दाबत होते आणि पाचवीची चार-पाच पोरं मागे झाकण दाबायला उभी होती.

त्यातला एक मुलगा पुढे आला. वर्गात तो फारसा बोलत नाही. वाचन अडखळत करतो, माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "जादा सरावाची गरज" असं लिहिलेलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बटण दाबलं की नंबरप्लेटचा दिवा बारीक होतो."

मी काय म्हटलं असेल? "थांब रे, आधी डिकी उघडू दे."

डिकी उघडली, साहित्य काढलं, पाठ झाला, शाळा सुटली. घरी जाताना त्याचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं. बटण डिकीचं. मग नंबरप्लेटचा दिवा का बारीक व्हावा? दोघांचा संबंध काय? पुढे बसून मला तो दिवा दिसूच शकत नव्हता. तो फक्त मागे उभ्या असलेल्याला दिसणार. मी दोन महिने जे पाहिलं नव्हतं ते त्याने दोन मिनिटांत पाहिलं होतं.

घरी पोचल्यावर मिस्टरांना मागे उभं केलं आणि बटण दाबलं. ते म्हणाले, "हो गं, दिवा खरंच मंद होतोय."

दोघांमध्ये सामायिक काय? सोलेनॉइड झाकणात, नंबरप्लेटचा दिवाही झाकणात. दोघांना वीज आणणाऱ्या वायरी वेगळ्या. परतीची काळी अर्थची वायर मात्र एकच!

मीटर खोटं बोलत नव्हता, मीच प्रश्न चुकीचा विचारला होता

हे मुलांना समजावताना मी शाळेच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण देते. टाकी भरलेली आहे, पण नळाचा पाइप गाळाने जवळजवळ बुजलाय. नळाच्या तोंडावर घट्ट बोट धरलं तर काही वेळाने पाण्याचा पूर्ण दाब बोटाला जाणवेल. वाटेल, सगळं छान आहे. बोट काढलं की करंगळीएवढी धार! बादली भरायला अर्धा तास. पाणी वाहत नसताना दाब पूर्ण दिसतो. अडथळा कळतो तो पाणी वाहायला लागल्यावर.

वायरचंही तसंच. वायरमध्ये पुष्कळ बारीक तारा असतात. त्यातल्या बहुतेक तुटून एक-दोनच उरल्या, तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण व्होल्ट मोजताना मीटर जवळजवळ काहीच धारा घेत नाही. सोलेनॉइडला मात्र कित्येक अँपिअर लागतात. म्हणून कनेक्टर काढून नव्हे, तर लॉक जोडलेलं असताना, बटण दाबलेलं असताना मोजायला हवं.

मंगळवारी पार्किंग लाईट बंद ठेवून तसं मोजलं. डिकी उघडीच ठेवली, स्क्रू ड्रायव्हरने लॉकचा आकडा बंद स्थितीत फिरवला आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरच्या पिना लावल्या.

• लॉकच्या दोन टोकांमध्ये: ४.६ व्होल्ट
• लॉकची काळी वायर आणि गाडीच्या बॉडीचं उघडं लोखंड यांमध्ये: ७.५ व्होल्ट

दुसरा आकडा खरं तर शून्याच्या जवळ असायला हवा. परतीच्या वायरीत व्होल्टेज खर्चच होता कामा नये! १२.३ पैकी ७.५ व्होल्ट त्या काळ्या वायरीत वाया जात होते, आणि किरकोळ ०.२ इतर वायरींत. ७.५ + ४.६ + ०.२ = १२.३. हिशेब जुळला. हिशेब जुळण्याचा एवढा आनंद मला पटसंख्येच्या तक्त्यातही कधी झाला नव्हता!

मोठ्या वर्गांच्या शिक्षकांनी इथे ओहमचा नियम वापरून घ्यावा. विभवांतर = धारा × रोध.

• सोलेनॉइडचा रोध मीटरवर जवळपास २ ओहम आला.
• सध्याची धारा = ४.६ ÷ २ = २.३ अँपिअर.
• काळ्या वायरीचा रोध = ७.५ ÷ २.३ = सुमारे ३.३ ओहम. (चांगल्या वायरीचा रोध ओहमच्या अगदी लहान अंशाइतकाच असतो.)
• वायर चांगली असती तर धारा = साधारण १२ ÷ २ = ६ अँपिअर.

म्हणजे सहाच्या जागी सव्वादोन अँपिअरच जात होते. धारा निम्म्याहून कमी झाली की सोलेनॉइडची ओढ त्याहूनही जास्त घटते. म्हणून "खट्ट"ऐवजी नुसतं "टिक्". फ्यूज का उडाला नाही, तेही यातून कळतं. फ्यूज धारा जास्त झाली तर उडतो. कमी झाली तर तो बिचारा काय करणार?

आणि वॉचमन काकांची युक्ती? झाकणाभोवतीचं रबर झाकणाला सतत वर ढकलत असतं, त्यामुळे आकडा कडीत ताणून बसतो. काकांनी झाकण खाली दाबलं, ताण गेला, आणि अशक्त सोलेनॉइडलाही आकडा सोडवता आला. त्यांना ओहमचा नियम कदाचित ठाऊक नसेल, पण हाताला बरोबर ठाऊक होतं.

बिघाड सापडला कुठे?

झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, घड्यांची रबरी नळी असते. झाकणाच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. डिकी उघडली-मिटली की वायरी तिथेच वाकतात, वर्षानुवर्षं. नळीचं एक टोक हलकेच सोडवलं आणि आतल्या वायरी बघितल्या. काळ्या वायरीचं प्लॅस्टिक वरून अगदी ठीक दिसत होतं. दोन बोटांत धरून हळूच ओढली, तर एका जागी ती रबरासारखी ताणली गेली! तांबं शाबूत असतं तर वायर अशी ताणली जात नाही. आत तारा तुटल्या होत्या, नुसतं प्लॅस्टिक उरलं होतं.

दुरुस्ती – पायरी पायरीने

साहित्य: १० नंबरचा पाना, तेवढ्याच किंवा किंचित जास्त जाडीची बारीक तारांची लवचीक वायर (सुमारे २० सेंटिमीटर), सोल्डरिंग आयर्न व सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, चिकटपट्टी, पक्कड. मीटर सोडून माझा खर्च साठ रुपये झाला. सोल्डरिंग आयर्न शाळेजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या दादांकडून मागून आणलं.

१. बॅटरीचं ऋण टोक काढलं. काही गाड्यांत यामुळे घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाते. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा.

२. झाकणाकडची आणि बॉडीकडची अशी रबरी नळीची दोन्ही टोकं सोडवली.

३. काळ्या वायरीचा तुटका भाग कापला. नवा तुकडा एवढा लांब घेतला की त्याचे दोन्ही जोड नळीच्या बाहेर येतील, एक झाकणात आणि एक बॉडीत. हे फार महत्त्वाचं! सोल्डर केलेली जागा कडक होते. ती वाकणाऱ्या भागात आली तर वायर पुन्हा तिथेच तुटेल.

४. स्लीव्ह आधी वायरीत ओवली, मग तारा एकमेकींत पिळून सोल्डर केल्या. (पहिल्या जोडाला मी स्लीव्ह ओवायलाच विसरले आणि सगळं परत करावं लागलं!)

५. स्लीव्ह जोडावर सरकवून गरम केली, ती घट्ट बसली. शेजारच्या बाकीच्या वायरीही ओढून तपासल्या. जिचं प्लॅस्टिक तडकलं होतं तिला चिकटपट्टी लावली.

६. वायर थोडी सैल ठेवून नळी बसवली. झाकण आठ-दहा वेळा उघडझाप करून वायर ताणली जात नाही ना ते पाहिलं.

७. बॅटरी जोडली, आणि झाकण मिटण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद करून बटण दाबलं. "खट्ट!" अर्थचं मोजमाप आता ०.१ व्होल्ट.

उघड्या डिकीत आकडा बंद केला असेल तर तो सुटल्याशिवाय झाकण आपटू नका, लॉक आणि कडी दोन्ही दुखावतात. आणि लॉकमध्ये बोट तर कधीच घालू नका.

हे आधी वाचा, मग हात घाला

• गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिची दोन टोकं पान्याने जोडली गेली तर ठिणग्या उडतात, भाजतं. अंगठी, बांगड्या काढून ठेवा.
• पिवळ्या आवरणाच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका.
• हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या केशरी जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. तिथे घरगुती दुरुस्ती नको.
• वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात. माझ्याकडे काळी म्हणजे अर्थ, तुमच्याकडे तसं असेलच असं नाही.
• वीज लॉकपर्यंत पूर्ण जोराने पोचते आणि तरी लॉक हलत नाही, किंवा बटणापासून पुढे वीज निघतच नाही, तर अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. त्यात कमीपणा नाही.
• मुलांनी डिकीत शिरायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. उन्हात बंद डिकी फार लवकर तापते. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या डिकीच्या गाड्यांत आतून उघडायची सोय सक्तीची आहे, अंधारात दिसेल अशी. तुमच्या गाडीत तशी सोय आहे का, आजच बघून घ्या.

वर्गात काय केलं? – "बिघाड शोधू या"

बुधवारी मी नेहमीचा पाठ बाजूला ठेवला. वर्गात सगळ्यांत आधी सांगितलं, "परवा एकाने मला काहीतरी सांगितलं आणि मी त्याला गप्प केलं. तो बरोबर होता." त्याने मान खाली घातली, पण कान लाल झाले होते. मग गटकार्य घेतलं.

साहित्य (प्रत्येक गटाला): दीड व्होल्टचे २ सेल, टॉर्चचा बल्ब, होल्डर, वायरी, साधी कळ. वीज फक्त सेलची. भिंतीवरच्या प्लगच्या जवळपासही जायचं नाही.

प्रत्येक गटाच्या परिपथात मी आधीच एकेक बिघाड करून ठेवला:

• गट १ – एक सेल उलटा
• गट २ – बल्ब उडालेला
• गट ३ – होल्डरच्या पत्रीवर पारदर्शक चिकटपट्टी
• गट ४ – वायर बाहेरून अखंड, आतून तुटलेली
• गट ५ – एक सेल संपलेला (बल्ब लागतो, पण मंद)

नियम तीन:
१. लगेच काही बदलायचं नाही. आधी दोन मिनिटं नुसतं बघायचं.
२. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
३. वहीत चार रकाने भरायचे: काय दिसलं, काय वाटतं, कसं तपासलं, काय निघालं.

गट ५ ला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण "लागतोय की मॅडम" म्हणून ते थांबले होते. "लागतोय, पण नीट लागतोय का?" एवढंच विचारलं. माझ्या डिकीचा बिघाड तोच तर होता! पूर्ण बंद पडलेलं शोधणं सोपं, अर्धवट चालणारं शोधणं अवघड.

नंतर दोन जोडउपक्रम घेतले:

• तार का तुटते? बंधनीच्या बारीक तारेचा तुकडा एकाच जागी पुढे-मागे वाकवायचा आणि किती वेळात तुटतो ते मोजायचं. (तुटलेल्या टोकापासून जपून.) मग विचारायचं, दिवसातून चार वेळा उघडणारी डिकी वर्षात किती वेळा वायर वाकवेल? गुणाकार आपोआप झाला: ४ × ३६५ = १४६०.
• आपला सोलेनॉइड: लोखंडी खिळ्यावर वार्निश केलेल्या तांब्याच्या तारेचे ५० वेढे, टोकं घासून सेलला जोडली की टाचण्या चिकटतात. पाच सेकंदांपेक्षा जास्त जोडून ठेवू नये, तार आणि सेल गरम होतात. वेढे कमी केले, सेल जुना घेतला की किती टाचण्या चिकटतात ते मोजावं.

आपण ज्याला मूल्यमापन म्हणतो ते इथे बिघाड सापडला की नाही यावर करू नये. वहीतला "कसं तपासलं" हा रकाना बघावा. गट २ ला बिघाड सापडला, पण अंदाजाने बल्ब बदलून. गट ४ ला वेळेत सापडला नाही, पण त्यांनी सेल, बल्ब, कळ तिन्ही एकेक करून वगळले होते. माझ्या दृष्टीने गट ४ पुढे होता.

पालकांसाठी दोन शब्द

घरातला टॉर्च, रिमोट, खेळण्यातली गाडी बंद पडली की लगेच फेकू नका. सेलवर चालणाऱ्या वस्तू मुलांसोबत बसून उघडा. "काय झालं असेल?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड, मी स्वतः त्यात नापास झाले आहे. मुलीही बसू द्या. आमच्या घरी मीटर आता मुलीच्या दप्तराशेजारी असतो.

त्या मुलाचं वाचन एका आठवड्यात सुधारलं, असं काही मी सांगणार नाही. अजूनही तो अडखळतो, जादा सराव चालूच आहे. पण बिघाडाच्या वहीत त्याने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या. माझ्या नोंदवहीतही मी त्याच्या नावापुढे एक ओळ वाढवली: "निरीक्षण उत्तम. बोलला की ऐकावं." ही दुसरी सूचना माझ्यासाठी आहे.

गेल्या शनिवारी आईंना पुन्हा तपासणीला नेलं. दवाखान्याच्या दारात बटण दाबलं, "खट्ट" झालं, खुर्ची बाहेर आली. आई म्हणाल्या, "झाली का गं दुरुस्त? किती घेतले?" म्हटलं, "साठ रुपये, आई. आणि एका पोराचं ऐकायचं राहिलं होतं, ते ऐकलं."

तुमच्या वर्गात हा पाठ करून बघा. तुमच्या मुलांनी कोणते बिघाड कसे शोधले, ते मला जरूर कळवा.